मादागास्कर हे आडनाव नाही

"मादागासकर म्हणजे कुठले गो? रोह्याकडचे काय?" असं शेजारच्या ठमीकाकूंनी मला विचारलं, तिथून हे सगळं बिघडायला सुरुवात झाली.

मी म्हटलं, काकू, ते आडनाव नाही, देशाचं नाव आहे. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या नागावात बातमी पोचवली, की निकेत आणि सुचिता मादागासकरांची मुलगी दत्तक घेतायत, माणसं रोह्याकडची आहेत, पण सुचिता फार चौकशी करू देत नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आपल्यातलेच ना?" मी म्हटलं, बेटावरचे आहेत. ते म्हणाले, "मग ठीक आहे." त्यांना बहुतेक मुरुडकडचं एखादं बेट वाटलं असावं. मी दुरुस्त केलं नाही. नागावात माणसाने किती दुरुस्त्या करायच्या यालाही मर्यादा आहे.

पूर्वपीठिका सांगत बसत नाही. माझा नवरा निकेत काही वर्षं मादागास्करमधल्या एका बंदरात क्रेन चालवत होता. सुट्टीच्या दिवशी तो तिथल्या एका अनाथालयाचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला जायचा, आणि तिथे नोरो नावाची एक चिमुरडी पाना हातात घेऊन त्याच्या मागे मागे फिरायची. एवढं पुरे. बाकीचं मी इतक्या साहेबांना इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागतं. फाइल सध्या 'वर' आहे. वर म्हणजे कुठे, हे खालच्या कोणालाच माहीत नाही.

मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे. लोकांच्या पोरांची वजनं वाढतायत की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. "तुम्हाला काय मॅडम, शेकड्यानं पोरं आहेत," असं म्हणणारा एक तरी माणूस मला रोज भेटतो आणि वर हसतोही. मीही हसते. सरकारी नोकरीत हसावं लागतं. पण इथे सांगून टाकते, मला शेकड्याने नको होती, मला एक हवी होती, आणि ती पाना घेऊन फिरणारीच हवी होती.

मग तिचा फोटो आला. परदेशातलं पोर म्हणजे गोरंपान आणि घाऱ्या डोळ्यांचं असणार, हे गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. ठमीकाकूंच्या सुनेने तर गोऱ्या कातडीला इथलं ऊन सोसेल का याची काळजी करायला सुरुवातही केली होती. फोटोत नोरो होती तशीच होती. काळी, केसांच्या घट्ट बारीक वेण्या घातलेली, पुढचे दोन दात पडलेली. लोक फोटो बघायचे, परत करायचे आणि म्हणायचे, "एवढ्या लांबनं आणायची, तर…" पुढचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. मी मुद्दाम वाट बघत बसायची. त्यात माझा स्वतःचा रंग असा की आमच्या लग्नात फोटोग्राफरने दोनदा दिवा बदलला होता, तेव्हा 'तर काय?' हे ऐकायचा मला पुरेपूर हक्क होता. पण लोक चहा संपवून उठायचे.

माझ्या सासूबाईंनी फोटो चष्मा लावून बघितला, मग चष्मा काढून बघितला आणि म्हणाल्या, "दात न्हायत." तेवढंच. मी त्याला होकार समजले. आमच्या घरात होकार याहून मोठा नसतो.

अशात नोरोच्या अनाथालयाच्या बाईंचा निरोप आला. त्यांना सगळे मादाम म्हणतात. मादामने लिहिलं होतं, की तुमच्या कुटुंबाला जी जी सुखं लाभली आहेत ती मोजून नोरोला दाखवा, दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरे, ती कुठल्या माणसांत येणार आहे हे तिला दिसलं पाहिजे, आणि आम्हालाही. त्या शेवटच्या 'आम्हालाही'ने माझं जेवण गेलं. सरकारी कामात इतकी वर्षं काढल्यावर वाक्याच्या शेवटी काय लपलेलं असतं ते कळतं. माणसं पसंत पडली नाहीत तर पोरगी तिथेच राहणार होती.

मी आणि निकेत अंगणात बसून सुखं मोजायला लागलो. समुद्र जवळ आहे, पण रविवारी तो मुंबईकरांचा असतो. वाडी आहे, नारळी-पोफळीची, पण मोठ्या दिरांबरोबर सामाईक. घर आहे, पण पुढच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. निकेत जरा थांबला आणि म्हणाला, "आई सुखात धरायची का?" मी म्हटलं, धर. घरात म्हातारं माणूस दिसलं की तिकडच्या लोकांना बरं वाटतं.

आमच्या घरात पोर जन्मलं की वाडीत त्याच्या नावाचा माड लावतात. दिरांच्या दोन्ही पोरांचे माड आहेत. त्यातली मनाली लग्न होऊन पुण्याला गेली, तरी तिचा माड इमाने नारळ देतो. मी म्हटलं, नोरोच्या नावाचा माड लावताना दाखवू, यापेक्षा चांगलं काय दाखवणार? निकेतने खड्डा खणला. खड्डा पुरा व्हायच्या आत माझे मोठे दीर तुळशीरामभाऊजी लुंगी सावरत हजर झाले.

"माड लावा की," ते म्हणाले. "माड काय, झाड आहे. पण माडाखालची जमीन?"

निकेत म्हणाला, "जमीन तिथेच राहील, दादा. ती कुठे जातेय?"

"तसं नाही. उद्या ती पोरगी मोठी होणार. आज माड, उद्या माडाचा वाटा. अलिबागला माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, ते म्हणाले, कॅमेऱ्यासमोर काही लावू नका आणि काही बोलू नका."

एका माडाखाली जमीन किती असते हे मी भाऊजींना विचारणार होते, पण निकेतने माझ्याकडे बघितलं आणि मी दात आवळले. खड्डा कुंपणाकडे सरकला. कुंपणापलीकडच्यांनी हरकत घेतली. खड्डा विहिरीकडे सरकला. तिथे पंपाची पाइपलाइन निघाली, ती फुटली, आणि दोन दिवस आमच्या पर्यटकांनी बादलीने आंघोळी करून त्याबद्दल नेटवर आमची बदनामी केली. शेवटी नोरोचा माड रंगाच्या रिकाम्या डब्यात लावला. "डब्यात कितीही लावा, माझी काही हरकत नाही," असं भाऊजी मोठ्या मनाने म्हणाले.

शूटिंगला रेवदंड्याचा साहिल बोलावला. मुलगा गुणी आहे, पण जन्मभर लग्नंच शूट केलेली. त्याने मला हातात पाण्याचा तांब्या देऊन दारातून तीनदा चालायला लावलं आणि म्हणाला, "भाभी, थोडं लाजा ना." मी म्हटलं, अरे, माझं लग्न होऊन सतरा वर्षं झाली, आता लाजायचं कारण काय? तो म्हणाला, कारण नसलं तरी छान येतं.

रविवार असल्यामुळे नोरोची म्हणून ठरवलेली खोली डोंबिवलीच्या एका कुटुंबाने घेतली होती. ते लोक किनाऱ्यावर गेलेत असं समजून साहिल कॅमेरा चालू ठेवूनच आत शिरला. आत एक लठ्ठ गृहस्थ अर्धी चड्डी घालून पलंगावर फणसाचे गरे खात बसले होते. दुसरा कोणी असता तर भांडला असता. या माणसाने सगळी हकीकत विचारून घेतली आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "ये बेटा, लवकर ये. खोली मस्त आहे, पंखा जोरात लागतो." वर एक गरा पुढे करून दाखवला. सगळ्या शूटिंगमध्ये मनापासून बोललेलं हे पहिलं वाक्य. आमच्या कुटुंबातला सगळ्यात प्रेमळ माणूस डोंबिवलीचा निघाला.

घरच्यांचं विचारू नका. वकिलांच्या सल्ल्यानुसार भाऊजींना 'काका' हा शब्द उच्चारायचा नव्हता. 'काका' म्हटलं की पुतणी मान्य केली असं होतं म्हणे. बऱ्याच चर्चेनंतर ते पाठमोरे उभे राहिले आणि मान अर्धवट वळवून म्हणाले, "मी तुळशीराम. मी इथे आधीपासून राहतो." जाऊबाई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात. व्हिडिओत गुडघे दिसणार नाहीत असं मी सांगितल्यावर त्यांचं डोकं दुखायला लागलं. माणसं कमी पडायला लागली तेव्हा ठमीकाकू मदतीला धावल्या. त्यांनी चार साड्या बदलल्या आणि चार ठिकाणी बसल्या. ओटीवर, विहिरीपाशी, देवासमोर आणि डब्यातल्या माडाला पाणी घालताना. त्यामुळे आमचं कुटुंब भरलेलं दिसायला लागलं. त्यांच्यावर चिडावं की त्यांचे पाय धरावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना एकच वाक्य पाठ करायला दिलं होतं, "नोरो बाळा, ये, आम्ही तुझी वाट बघतोय." कॅमेरा सुरू झाला की त्या शाळा तपासणीला साहेब आल्यासारख्या ताठ व्हायच्या आणि एका दमात म्हणायच्या, "नोरोबाळायेआम्हीतुझीवाटबघतोय, झाला का?" तो 'झाला का' काही केल्या निघेना. साहिल कंटाळला. मग त्या पडवीत ठमीकाकूंबरोबर भिजलेले वाल सोलत बसल्या होत्या, तेव्हा त्याने लांबून, त्यांच्या नकळत थोडं शूट केलं. मी तेव्हा चहा टाकायला आत गेले होते.

ते मात्र फार सुंदर आलं होतं. उन्हाची तिरीप तोंडावर, बोटं झपाझप चाललेली, काहीतरी बोलतायत आणि बोलता बोलता खुदकन हसतायत. हसताना सासूबाई इतक्या गोड दिसतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर तशी वेळ आली नव्हती. साहिलने सगळ्यावर सनई टाकली होती, त्यामुळे शब्द काही ऐकू येत नव्हते. आम्ही व्हिडिओ पाठवून दिला.

मादामचं उत्तर आलं. व्हिडिओ आवडला. काही शंका होत्या. चार साड्यांतल्या बाई कोण? मी कळवलं, शेजारी. पाठमोरे गृहस्थ कोण? मी कळवलं, मोठे दीर, फार लाजाळू आहेत. फळ देणारे काका कोण? तिथे मात्र मी अडले आणि 'घरी येऊन-जाऊन असतात' असं लिहिलं, जे खोटं नाही. शेवटी मादामने लिहिलं होतं, की कृपा करून तेवढं संगीत काढून टाका. नोरो आवाजांवरून माणसं ओळखते. तिला तुमचे आवाज ऐकू देत.

त्या आठवड्यात माझं पोषण आहाराचं प्रशिक्षण होतं. निकेतने साहिलला फोन केला, साहिलने रेवदंड्याला बसून सनई काढली आणि तिथूनच पाठवून दिलं. आम्ही ते परत बघितलं नाही. भाऊजींची पाठ बघून बघून आम्हाला कंटाळा आला होता.

पुढच्या रविवारी मादामने व्हिडिओ कॉल ठरवला. नोरो पहिल्यांदा सगळ्यांशी बोलणार होती. परदेशचा फोन म्हटल्यावर गुडघेवाल्या जाऊबाईही येऊन पुढच्या खुर्चीत बसल्या. भाऊजी बोलायचं नाही या अटीवर दारात उभे राहिले. ठमीकाकू पाचवी साडी नेसून आल्या. सासूबाईंना मी मधोमध बसवलं. निकेत फोन पुस्तकांना टेकवत होता.

पडद्यावर आधी मादाम दिसल्या, मग नोरो. पिवळा फ्रॉक, वेण्यांना तेल. निकेतला बघून तिने पाना धरल्यासारखी मूठ वर करून दाखवली आणि निकेत तोंड फिरवून खोकायला लागला. मादाम म्हणाल्या, नोरोने तुमच्यासाठी काहीतरी पाठ केलंय. गेले कितीतरी दिवस ती तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकते आहे. आजीकडून शिकली आहे.

नोरोने हात जोडले. एकेक तोंड बघत बघत सासूबाईंना शोधून काढलं. मग वालाचं साल उडवावं तसा हात झटकला आणि हुबेहूब सासूबाईंच्या चालीत, पडलेल्या दातांतून हवा सोडत म्हणाली,

"कोनाची कोन, आन् आता आमच्या उरावर."

आणि खुदकन हसली. तेही आजीसारखंच.

ठमीकाकूंनी पदर तोंडाला लावला. वाल सोलताना सासूबाईंनी हे वाक्य त्यांनाच तर ऐकवलं होतं. भाऊजी आढ्याकडे बघायला लागले. नोरो आमच्याकडे बघत होती. आता हे लोक खूश होतील, अशी तोंडावर खात्री. मी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले आहेत, त्यातले बरेचसे याच घरात. पण ते माझे होते, मला कळणारे होते. हा तिच्या तोंडात तिला न कळता ठेवलेला होता, आणि ती तो खाऊसारखा आम्हाला परत देत होती.

मादामने विचारलं, "किती गोड म्हणते ना? इथे कोणाला मराठी येत नाही. तिने स्वतःच निवडलंय हे वाक्य, कारण हे बोलताना आजी हसते. याचा अर्थ काय? मला अहवालात घालायचा आहे."

निकेत माझ्याकडे बघायला लागला. इंग्रजी दोघांनाही येतं, पण असल्या वेळी ते माझ्या वाट्याला येतं. खरं सांगितलं असतं तर फाइल वरून खाली यायला वेळ लागला नसता. खोटं बोलायचं तर समोर पोरगी हात जोडून उभी. मग मी आमच्या शाळेत मास्तर करून घ्यायचे तसं भाषांतर केलं. शब्दाला शब्द ठेवला. मी म्हटलं, "ती कुणाची कोण होती, पण आता आमच्या हृदयावर आहे."

एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ऊर म्हणजे छाती, छातीत हृदय. शपथेवर सांगायला तयार आहे.

मादामने चष्मा काढून डोळे पुसले आणि लिहून घेतलं. मग त्यांनी ते नोरोला तिच्या भाषेत सांगितलं. नोरोला इतका आनंद झाला की तिने तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणून दाखवलं.

फोन बंद झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काय सांगितलंस त्या बाईला?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात तेच सांगितलं."

त्या उठल्या आणि आत गेल्या. दारातून भाऊजी म्हणाले, "बघा, म्हणूनच वकील म्हणत होते, कॅमेऱ्यासमोर काही बोलू नका." त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच बरोबर निघालं होतं, आणि त्याचा त्यांना झालेला आनंद मला बघवेना. मी सगळ्यांना चहा दिला नाही. तेवढाच माझा निषेध.

अहवाल उत्तम गेला. 'आजीचा विशेष जिव्हाळा' असं त्यात एक वाक्य आहे. फाइल अजून वरच आहे, पण आता जरा आणखी वर गेली आहे असं कळतं. दर रविवारी कॉल असतो. जाऊबाई येत नाहीत, नवलाई संपली. ठमीकाकू येतात. डोंबिवलीच्या गृहस्थांनी 'बेटी आली का?' असं दोनदा फोन करून विचारलं. सासूबाई स्वतःहून मधल्या खुर्चीत येऊन बसतात आणि ते जुनं वाक्य पुसून नवीन शिकवायचा प्रयत्न करतात. "म्हन, ये गो बाय. ये गो बाय, म्हन." नोरो शहाण्या पोरीसारखी म्हणते, "ये गो बाय." मग साल उडवल्यासारखा हात झटकते आणि वर बक्षीस म्हणून तेच म्हणते, कोनाची कोन. सासूबाईंना दर रविवारी ते ऐकावं लागतं, आणि ऐकून हसावंही लागतं. त्या हसल्या नाहीत तर पोरगी आपलं काही चुकलं का म्हणून पुन्हा म्हणते.

सुरुवातीला मला त्यात समाधान वाटायचं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाटायचं. आता वाटत नाही. आता मला भीती वाटते.

गेल्या रविवारी कॉल झाल्यावर सासूबाई पडवीत वाल सोलायला बसल्या होत्या. डब्यातल्या माडाला तिसरं पान फुटलंय, ते बघत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरांना मराठी याया किती येळ लागतो गो?"

माझ्या अंगणवाडीत बाहेरगावच्या मजुरांची पोरं येतात. येतात तेव्हा एक शब्द कळत नाही त्यांना. मी म्हटलं, "एका पावसाळ्यात येतं, आई."

"येवढ्यात?"

"पोरांना लवकर येतं."

त्यांनी बराच वेळ एकच वाल बोटांत फिरवला. "म्हनजे कलेलच तिला."

"कळणारच."

"मंग इचारलं तर तू काय सांगशील?"

मी म्हटलं, "मला नाही विचारणार, आई. तुमच्याकडून शिकलीय, तुम्हालाच विचारील."